चवथीच्या आत घरी ये

आईची अट एकच होती, चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आत घरी ये. कुठे जातोस, कोणाबरोबर जातोस, तिथे खायला काय मिळणार हे सगळं ती आठवडाभर विचारून दमली होती आणि शेवटी देवाच्या खोलीच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली. 2019 ला चवथ 2 सप्टेंबरला होती. आमचं परतीचं तिकीट 27 ऑगस्टचं. मी म्हटलं येतो, माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर बांधतात ती फळाफुलांची चौकट, मीच बांधणार.

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, बार्देशात कॉन्ट्रॅक्टरकडे साइट सुपरवायझर म्हणून काम करतो. जून ते सप्टेंबर आमच्याकडे साइट जवळजवळ थंडच असते, आतली प्लास्टर-टाइल्सची कामं सोडली तर पावसात काही होत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये इडाई नावाचं चक्रीवादळ मोझांबिकला धडकलं होतं, 14 मार्चच्या रात्री, बेइरा शहराच्या जवळ. नुसत्या मोझांबिकमध्ये सहाशेच्या वर माणसं गेली. टीव्हीवर मी ते पाहिलं असणार पण खरं सांगायचं तर लक्षात राहिलं नव्हतं. मे महिन्यात माझा बारावीपासूनचा मित्र आला, तो कॅथलिक, म्हणाला आमच्या चर्चमधून नऊ जणांचा ग्रुप जातोय, तिथल्या चर्चची दोन वर्गांची शाळा वादळात गेली ती परत बांधायची आहे, पैसे जमलेत, माणसं तयार आहेत, पण बांधकाम समजणारा एकही नाही, तू येशील का.

मी त्याला पहिला प्रश्न हाच विचारला की मी हिंदू माणूस तुमच्या मिशनवर कसा येऊ. तो मला थेट फादरकडे घेऊन गेला. फादर आफ्रिकेत अकरा वर्षं राहून आलेले, शांत माणूस. ते म्हणाले, प्रार्थनेला बसायची सक्ती नाही, कामाला उशिरा यायचं नाही. एवढंच. आणि मग एक वाक्य बोलले ते मला आजही आठवतं, की तिथे कोणालाही काही पटवायला आपण जात नाही, ते लोक आपल्यापेक्षा जास्त श्रद्धाळू आहेत, त्यांना छप्पर पाहिजे.

घरी मात्र गडबड झाली. काकी म्हणाली बाटवतील तुला. वाड्यावरचे दोन-तीन जण पण तेच बोलले. बाबा गप्प होते. रात्री जेवताना त्यांनी आजोबांची गोष्ट काढली. आमच्या गावात गोवा मुक्तीच्या आधी शाळाच नव्हती, देवळाच्या मंडपात एक मास्तर मुलांना मराठी शिकवायचे, 1961 नंतर सरकारी मराठी शाळा मंजूर झाली तेव्हा गावातल्या लोकांनी श्रमदान केलं आणि आजोबांनी खाणीवरून डोक्यावर चिरे वाहिले. ते स्वतः सही करायला शिकले नाहीत कधी. बाबा म्हणाले, त्या शाळेत मी शिकलो, तू शिकलास, आता कोणाच्या शाळेसाठी चिरे वाहायची तुझी पाळी आली तर जा. त्यावर घरात कोणी काही बोललं नाही.

मग कागदपत्रं. पासपोर्ट होता. व्हिसासाठी दिल्लीला मोझांबिकच्या हायकमिशनकडे पासपोर्ट पाठवायचे होते, सोबत तिथल्या चर्चचं निमंत्रणाचं पत्र, ते आधी नुसत्या पोर्तुगीजमध्ये आलं म्हणून परत मागवलं, त्यात तीन आठवडे गेले. विमान अदिस अबाबाला बदलायचं होतं म्हणून यलो फीव्हरची लस लागेल असं एजंटने सांगितलं. ती वास्कोला घेतली, पिवळं कार्ड मिळतं, लस प्रवासाच्या कमीत कमी दहा दिवस आधी घ्यावी लागते नाहीतर कार्डाला अर्थ नाही. आमच्यातल्या एकाच्या कार्डावर पासपोर्ट नंबरचा एक आकडा चुकीचा लिहिलेला, पावसात परत वास्कोला जाऊन दुरुस्त करून आणला. जो कोणी जाणार असेल त्याने काउंटरवर उभं राहूनच आकडे जुळवून बघावेत. मलेरियासाठी डॉक्सीसायक्लिनची गोळी रोज एक, जायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते परत आल्यावर चार आठवडे. ती जेवणावरच घ्यायची, रिकाम्या पोटी घेतली तर पोट धरून बसायची पाळी येते.

तिकिटाचे पैसे ज्याचे त्याने भरायचे होते. माझे अर्धे बाबांनी दिले.

5 ऑगस्टला दाबोळीहून मुंबई, मुंबईहून अदिस अबाबा, तिथून मापुतो, राजधानी. ग्रुपमध्ये एक 74 वर्षांचे अंकल होते, लहानपणी पोर्तुगीज शाळेत शिकलेले, त्यांच्याशिवाय आमचं तिथे काहीच चाललं नसतं. विमानात ते मला सांगत होते की 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, वेगळा गव्हर्नर नंतर आला. आणि खालच्या आवाजात हेही सांगितलं की तिथली माणसं गुलाम म्हणून जहाजात भरून गोव्यात आणलेली आहेत, त्यांचं रक्त आपल्या लोकांत पण असेल, आपण कोणावर उपकार करायला जातोय असं मनात आणू नको. मी इतिहासात हे कधी शिकलो नव्हतो. खिडकीतून बाहेर बघत राहिलो, झोप आली नाही.

मापुतोला पोचलो त्या दिवशी सगळ्या टीव्हींवर एकच चाललं होतं, सरकार आणि रेनामो हा पूर्वी बंडखोर असलेला पक्ष यांच्यातला शांतता करार, 6 ऑगस्टला सही झाली. हॉटेलचा माणूस उभ्यानेच बघत होता. आणि रस्त्यावर जिकडे तिकडे पोप फ्रान्सिस यांचे फोटो, टोप्या, कपडे, कारण ते सप्टेंबरच्या सुरुवातीला मापुतोला येणार होते. बेइराच्या लोकांना वाईट वाटत होतं की ते त्यांच्याकडे येणार नाहीत, वादळ तर आमच्याकडे झालं ना, असं तिथल्या एका बाईने अंकलना विचारलं.

बेइराला दुसऱ्या दिवशी पोचलो. शहरात अजून अर्ध्या घरांवर ताडपत्र्या होत्या. आम्ही इंडियातून आलो म्हटल्यावर बंदरावरचा एक माणूस जहाजं जहाजं म्हणायला लागला. वादळानंतर मदतीला पहिल्यांदा पोचलेली जहाजं आपल्या नौदलाची होती, आयएनएस सुजाता, शार्दूल आणि तटरक्षक दलाचं सारथी. त्याने माझा हात धरून ठेवला बराच वेळ, मी काहीच केलं नव्हतं तरी.

आमची जागा बेइराजवळच्या दोंदो गावाच्या पुढे, हायवेवरून आत. जुन्या शाळेचा फक्त प्लिंथ म्हणजे जोतं उरलं होतं, भिंती मातीच्या विटांच्या, त्या पाण्यात विरघळल्या, आणि पत्रे नुसत्या खिळ्यांवर होते ते उडून कुठे गेले कोणाला माहीत नाही. मुलं आंब्याच्या झाडाखाली बसायची, फळा झाडाला टेकवलेला. सहावी-सातवीची मुलं सुद्धा जमिनीवर, वही मांडीवर ठेवून.

तिथला गवंडी साधारण पन्नाशीचा, त्याला सगळे मेश्त्रे म्हणायचे. आपल्याकडे मेस्त म्हणतात तोच शब्द. पहिल्या सकाळी आम्ही दोघं उभे, मला पोर्तुगीज येत नाही, त्याला इंग्लिश येत नाही, अंकल चहाला गेलेले. त्याने जमिनीवरचं लोखंडी भांडं उचललं आणि म्हणाला गामेला. मी म्हटलं घमेलं! मग तो हातोडी दाखवून मार्तेलु, मी मार्तूल, तो बाल्द, मी बालदी, तो शाव्ह, मी चावी, तो पीपा, मी पिंप. प्रत्येक शब्दाला तो मोठ्याने हसायचा आणि बाजूच्या पोरांना ओरडून सांगायचा. अर्ध्या तासात आमच्या कामापुरती भाषा तयार झाली. हे शब्द मी लहानपणापासून मराठी म्हणून वापरतोय, ते एवढ्या लांबून आलेत आणि एवढ्या लांब जाऊन भेटतील असं वाटलं नव्हतं.

कामाचं सांगतो. दोन वर्ग, पुढे व्हरांडा. सिमेंटचे ब्लॉक तिथेच हाताच्या साच्यात पाडायचे, सिमेंट दोंदोतूनच, तिथे कारखाना आहे. आम्ही पोचायच्या आधी मेश्त्रेच्या लोकांनी प्लिंथ दुरुस्त करून कॉलमच्या सळया उभ्या केल्या होत्या आणि हजारभर ब्लॉक पाडले होते. मी जाऊन ओळंबा लावून बघितला, सगळं सरळ होतं, माझ्या बऱ्याच साइटपेक्षा सरळ. तेव्हाच मी मनात ठरवलं की इथे आपण सुपरवायझर नाही, मेश्त्रेच्या हाताखाली काम करायचं. ग्रुपमध्ये सगळ्यांना तसं सांगितलं. एक-दोन जणांना ते जड गेलं, कारण ते भिंत बांधायला आले होते आणि त्यांना घमेली उचलायला मिळत होती, पण थापी हातात धरायला महिने लागतात, तीन आठवड्यांत येत नाही. कॉलेजातल्या दोन पोरांनी मात्र कॉलमच्या सळयांभोवतीच्या लोखंडी रिंगा वाकवायचं काम असं पकडलं की चौथ्या दिवशी मेश्त्रेने त्यांना स्वतःचं वाकवायचं हत्यार दिलं. ग्रुपमधली नर्स रोज सकाळी दोन तास गावातल्या बायकांबरोबर बसायची, कॉलरा येऊन गेला होता, पाण्यात क्लोरीनचे थेंब किती टाकायचे हे ती त्यांच्याकडून शिकली आणि मग जी घरं टाकत नव्हती तिथे जायची.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. मला एका गोष्टीचा फार आग्रह होता, क्युरिंग. ब्लॉकवर, कॉलमवर सात दिवस दिवसातून तीन वेळा पाणी मारायचंच. गोव्यात मी यावरून लोकांशी भांडलोय, कारण पाणी कमी मारलं की सिमेंट जळतं, वर्षभरात बोटाने खरवडता येतं. ऑगस्ट तिकडे कोरडा असतो, आकाश स्वच्छ, दिवसभर वारा, ब्लॉक तासाभरात पांढरे पडायचे. मी मेश्त्रेला सांगितलं पाणी, आग्वा, जास्त आग्वा. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून पिंपं भरलेली असायची. मी खुश. सकाळ-दुपार-संध्याकाळ पाइपने नाही तर डबड्याने आम्ही पाणी मारत होतो, जमिनीवर ओघळ जायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी आली, दहा वर्षांची असेल, डोक्यावर वीस लिटरचा पिवळा कॅन. दोन्ही हात कॅनला, मान अगदी ताठ, कपाळावरून पाण्याची एक धार नाकाच्या बाजूने खाली येत होती आणि ती पुसायला हात मोकळा नव्हता. तिने गुडघे वाकवून कॅन उतरवला, आमच्या पिंपात रिकामा केला, शेवटचा थेंब पडेपर्यंत उलटा धरला. मी अंकलना म्हटलं विचारा पाणी कुठून आणते. हातपंप एक किलोमीटरवर. रांग पहाटे चारपासून. प्रत्येक घरामागे एक कॅन शाळेला द्यायचा असं गावाने ठरवलंय. मग घरचं पाणी? ती म्हणाली आता परत रांगेला जाणार.

म्हणजे तीन दिवस मी जे पाणी सिमेंटवर मारत होतो ते ह्या पोरांच्या डोक्यावरून येत होतं, आणि ज्या शाळेसाठी मारत होतो त्या शाळेच्या वेळेतच ती पाण्याला जात होती. मला तिथे उभं राहवेना. मी मागे जाऊन आंब्याखाली बसलो. मला राग स्वतःचाच आला होता, कारण पाणी कुठून येतं हे मी पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं, आमच्या साइटवर टँकर येतो म्हणून मला तो प्रश्नच पडला नाही.

संध्याकाळी प्रार्थनेनंतर गोल करून बसायची पद्धत होती, प्रत्येकाने दिवसभराचं काहीतरी सांगायचं. मी पण बसायचो. त्या दिवशी मी हे सांगितलं. सांगताना आवाज बसला. फादर म्हणाले, आता मेश्त्रेला विचार, तो काय करायचा आधी. सकाळी विचारलं. तो म्हणाला (अंकलच्या तोंडून) आम्ही ब्लॉक सावलीत रचतो, वर ओलं गवत आणि गोणपाट टाकतो, त्यावर प्लॅस्टिक, आणि फक्त संध्याकाळी एकदा पाणी. आणि हायवेचं काम झालं तेव्हा माती काढून जो खड्डा पडला तिथे पाणी साठलंय, ते प्यायचं नाही पण ब्लॉकला चालेल. मी म्हटलं मग मला आधी का नाही सांगितलंत. तो म्हणाला, तुम्ही एवढ्या लांबून आलात, म्हटलं तुम्हाला तसं पाहिजे असेल.

हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्या दिवसापासून खड्ड्याचं पाणी आम्ही वाहिलं, अंकल सोडून सगळ्यांनी, डोक्यावर चुंबळ ठेवून, जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. हातपंपाचं पाणी फक्त माल कालवायला. चार दिवसांनी ब्लॉक एकमेकांवर वाजवून बघितले, खणखणीत आवाज. गोणपाटाखाली ओल टिकते, वाऱ्यात उघड्यावर तीन वेळा मारलेलं टिकत नाही, हे मला पंधरा वर्षांच्या नोकरीत कोणी करून दाखवलं नव्हतं. आता मी गोव्यातल्या साइटवर पण तेच करतो.

त्याच दिवसांत घरून फोन. तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. बाबा म्हणाले तिळारी धरणाचं पाणी सोडलंय, साळ, इब्रामपूर भागात घरांत पाणी शिरलंय, माणसं हलवली. आमचं घर उंचावर म्हणून वाचलं, पण मावशीच्या घरात कमरेएवढं. मी जायला निघालो होतो जवळजवळ. बाबा म्हणाले इथे आम्ही आहोत, तू तिथलं छप्पर घालून ये. मी रडलो त्या रात्री. मेश्त्रेला कळलं तेव्हा तो सकाळी माझ्या आईची, मावशीची चौकशी करायला आला, नावं विचारून घेतली, आणि रविवारी मिसेत, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, त्या दोन नावांसाठी प्रार्थना झाली. शंभरएक माणसं, ढोल, बायकांचा तो उंच आवाज, आणि मधेच माझ्या मावशीचं नाव. तिला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली.

जेवण साधं, शिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट पांढरी उकड, आणि मातापा, कसावाची पानं कुटून शेंगदाणे आणि नारळाच्या रसात शिजवलेली. नारळाची चव लागली की घरचं वाटायचं. 15 ऑगस्टला त्यांचा सायबिणीचा म्हणजे मेरी मातेचा सण, आम्ही सकाळी मोबाइलवर जनगणमन लावून उभे राहिलो, दुपारी त्यांनी कोंबडी केली, अंकल म्हणाले हे बघ आपल्या काफ्रिआलचं, गोव्यातल्या त्या कोंबडीच्या पदार्थाचं माहेर.

शेवटचा आठवडा छपराचा. इथे मात्र माझा उपयोग झाला. भिंतीवर सगळीकडून रिंग बीम म्हणजे काँक्रीटचा पट्टा, बीममध्येच लोखंडी पट्ट्या आधी सोडून ठेवायच्या, मग छपराचा लाकडी सांगाडा, कैची, वर बसवली की ती पट्टी कैचीवरून फिरवून दोन्हीकडून ठोकायची, पत्रे खिळ्यांनी नाही तर वायसरवाल्या हुकांनी. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, खालून उचलतो, म्हणून छप्पर भिंतीला, भिंत पायाला बांधलेली पाहिजे. मेश्त्रेने हे एकदा ऐकलं आणि दुसऱ्या कैचीपासून स्वतःच केलं. पट्ट्या व्हरांड्याला कमी पडल्या. बेइराला जाऊन आणायला एक दिवस गेला असता, आमच्याकडे तो दिवस नव्हता. मी म्हटलं व्हरांडा लहान आहे, खिळ्यांवर चालेल. मेश्त्रेने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि खिळे मारले.

27 तारखेला निघालो. ती पिवळ्या कॅनवाली मुलगी नवीन वर्गात खिडकीजवळ बसली होती, गिलावा अजून ओला होता. चवथीला मी घरी होतो, माटोळी बांधली, नेवऱ्या म्हणजे करंज्या खाल्ल्या, वर डॉक्सीची गोळी. काकीने सगळे फोटो दोनदा बघितले, मग हळूच विचारलं, त्या पोरीच्या घरी आता पाणी येतं का.

लोक विचारतात जावं का अशा ट्रिपला. माझं स्पष्ट मत आहे की हातात काही कसब असेल किंवा कोणाच्या हाताखाली वाकायची तयारी असेल तर जावं, नसेल तर तिकिटाचे पैसे तिथल्या गवंड्याच्या पगाराला पाठवावेत, नऊ जणांच्या तिकिटांत मेश्त्रेची सगळी माणसं कितीतरी महिने कामाला राहिली असती. फादरना मी हे विचारलं होतं. ते म्हणाले बरोबर आहे, आणि आम्ही त्यानंतर परत ग्रुप नेला नाही, दरवर्षी पैसे पाठवतो, त्यातून हातपंप दुसरा बसला, शाळेच्या आवारातच.

2020 मध्ये कोरोनाने तिथली शाळा पण बंद. मग 23 जानेवारी 2021 ला एलोइज नावाचं वादळ परत बेइराच्या जवळच आलं. दोन दिवस फोन लागेना. तिसऱ्या दिवशी मेश्त्रेचा मेसेज आला अंकलच्या मोबाइलवर, अंकलनी मला फोन करून वाचून दाखवला. वादळाच्या रात्री गावातली माणसं त्या दोन वर्गांत होती, लहान मुलं बाकांवर झोपवली. वर्गांचं छप्पर जागेवर आहे. व्हरांड्याचे सहा पत्रे गेले. कोणाला लागलं नाही.

फोटोत व्हरांड्याच्या लाकडात खिळे तसेच वर आलेले दिसत होते.

मी अंकलना सांगितलं मेश्त्रेला लिहा की चूक माझी, पट्ट्या आणायला पाहिजे होत्या. फेब्रुवारीत आम्ही पट्ट्यांचे, हुकांचे आणि सहा पत्र्यांचे पैसे पाठवले. मार्चच्या शेवटी फोटो आला, प्रत्येक कैचीला दोन-दोन पट्ट्या, आणि खाली उभ्या मेश्त्रेच्या हातात मी त्याला देऊन आलेला मार्तूल.